हिऱ्याचं टोक आणि तीनशे तास

वडिलांच्या साठ-सत्तर एलपी यंदा भाच्याकडे गेल्या. गंगापूर रोडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये टर्नटेबल आलं, अॅम्प्लिफायर आला, आणि मग त्याचा फोन आला, "मामा, कार्ट्रिजवर किती पैसे घालू?" कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या हालचालीची वीज करणारा छोटा भाग. त्याने किमती पाहून ठेवल्या होत्या. काही हजारांपासून काही लाखांपर्यंत, आणि प्रत्येकाची स्तुती सारखीच. मी त्याला उलट विचारलं, "वर्षातून किती तास ऐकणार आहेस?" त्याला वाटलं, मामा विषय टाळतोय. पण हिशेब तिथूनच सुरू होतो.

बारा इंची एलपीची एक बाजू साधारण २२ मिनिटं चालते. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एका बाजूत सुमारे ७३० फेरे. बाहेरचे फेरे मोठे, आतले लहान. सरासरी धरून गुणाकार केला की चराची, म्हणजे सुई ज्या खाचेतून चालते तिची, लांबी ४७० मीटरच्या आसपास येते. रामकुंडावरून काळाराम मंदिरापर्यंत चालत जावं, जवळपास तेवढी. हे अंतर सुईच्या टोकावरचा हिऱ्याचा सूक्ष्म कण घासत पार करतो. त्याच्यावर भार असतो दीड-दोन ग्रॅमचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो ज्या जागेवर टेकतो ती काही मायक्रॉनांची आहे. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला काही हजार किलो इतका दाब निघतो. प्लास्टिक त्या क्षणी किंचित दबतं आणि सुई पुढे गेली की पुन्हा जागेवर येतं. चांगल्या स्थितीतल्या सुईने रेकॉर्ड वर्षानुवर्षं टिकते ती या लवचिकपणामुळे.

कार्ट्रिजचं काम थोडक्यात सांगतो. चराच्या दोन भिंती ४५-४५ अंशांत कललेल्या असतात. आतल्या भिंतीवर डावा आवाज कोरलेला, बाहेरच्या भिंतीवर उजवा. या मांडणीचं पेटंट अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्येच मागितलं होतं. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात रुळायला १९५८ उजाडलं. सुई हलली की बारीक दांडी हलते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला चुंबक असेल तर बाजूच्या स्थिर तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हा फॅरेडेंचा १८३१चा शोध. अशा कार्ट्रिजमधून तीन ते पाच मिलिव्होल्ट मिळतात. महागड्या प्रकारात वेटोळंच दांडीवर बसवतात आणि चुंबक स्थिर ठेवतात. हलणारं वजन कमी होतं, पण वीजही दहापटीने कमी मिळते. मग ती वाढवायला वेगळं यंत्र हवं. शिवाय त्यातली सुई सहसा घरी बदलता येत नाही, झिजली की अख्खं कार्ट्रिज बदलायचं किंवा कारागिराकडे पाठवायचं. पहिल्या प्रकारात सुईचा भाग ओढून काढता येतो आणि नवा बसवता येतो. भाच्याला मी इथेच थांबवलं. पहिलाच प्रकार घे.

आता पैसे नेमके कशाला मोजायचे? माझं उत्तर आहे, हिऱ्याच्या घडणीला.

रेकॉर्डचा फिरण्याचा वेग कायम असतो, पण चराचा वेग कायम नसतो. सुरुवातीला, कडेला, सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सरकतो. लेबलाजवळ पोहोचेपर्यंत तो २१वर आलेला असतो. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. दहा हजार कंपनांच्या स्वराची एक लाट कडेला ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१ मायक्रॉन. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या असते १५ ते १८ मायक्रॉन. ती या लाटेच्या खोलगट वळणात शिरूच शकत नाही. भद्रकालीच्या बोळात एसटी वळवायला गेल्यासारखं होतं. गाडी पुढे सरकते, पण कोपरा घासून.

आपल्या शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डसाठी ही गोष्ट विशेष जाचक आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. रागाची बाजू कशी मांडलेली असते? आलाप, विलंबित बाहेरच्या प्रशस्त फेऱ्यांत. लय वाढत जाते, आणि द्रुत, तराणा, सतारीचा 'झाला' (शेवटचं जलद, झणत्कारी वादन) येतो अगदी लेबलापाशी. स्वर सर्वांत दाट होतात, जवारीतून, म्हणजे तार टेकते त्या घोडीच्या पृष्ठभागावरून, निघणारे वरचे स्वरांश सर्वांत जास्त होतात, आणि नेमकी तिथे चराची जागा सर्वांत तोकडी. साध्या सुईवर 'झाला' चिरका होतो, गायकाचे 'स' आणि 'श' फाटतात, आणि आपण दोष देतो रेकॉर्डला.

लंबगोल सुईची बाजूची त्रिज्या सात-आठ मायक्रॉन असते. तिला हे वळण झेपतं. त्याहून पुढची मायक्रोलिनियर सुई तीनेक मायक्रॉनची असते, पण उभ्या दिशेला ती भिंतीला लांब रेषेत टेकते. शिबाता हा आणखी एक रेषेसारखा टेकणारा घाट. जपानच्या जेव्हीसी कंपनीतल्या नोरिओ शिबाता यांनी तो चार वाहिन्यांच्या रेकॉर्डसाठी घडवला. त्या रेकॉर्डांत माणसाच्या कानाला न ऐकू येणारी ३० हजार कंपनांची वाहक लहर कोरलेली असे, आणि ती वाचायची तर सुई तशीच सडपातळ हवी होती.

आता तासांचा हिशेब. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीने आपल्या सुयांचं आयुष्य सांगितलं आहे: गोल टोक ५०० तास, लंबगोल ३००, शिबाता ८००, मायक्रोलिनियर १,०००. लंबगोल सुई गोलापेक्षा आधी जाते, कारण टेकण्याची जागा लहान, म्हणून दाब अधिक. रेषेत टेकणारीचा दाब वाटला जातो, म्हणून ती टिकते. तीनशे तासांत हिरा सुमारे ३९० किलोमीटर घासतो, म्हणजे नाशिकहून मुंबईला जाऊन परत येतो आणि वर पन्नासेक किलोमीटर चालतो. हजार तासांत सुमारे तेराशे.

म्हणून दुकानातली किंमत तासांनी भागून पाहायची. मायक्रोलिनियर लंबगोलाच्या तिप्पट-सव्वातिप्पट किमतीला मिळत असेल, तर तासाचा खर्च दोन्हीचा सारखाच पडतो आणि शेवटची पाच मिनिटं अधिक स्वच्छ ऐकू येतात. भाचा रोज रात्री एक एलपी ऐकेन म्हणतो. वर्षातले तीनशे दिवस धरले तर सव्वादोनशे तास. लंबगोल सुई सोळा महिने जाईल, मायक्रोलिनियर साडेचार वर्षं.

वरची मर्यादाही यातूनच ठरते. कार्ट्रिज इतकं महाग नको, की सुई बदलायची वेळ आली तरी आपण "अजून चालेल" म्हणत राहू. विशीत मी तेच केलं. दुकानदाराने "हिरा आहे, जन्मभर जाईल" असं सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला. झिजलेल्या हिऱ्याला सपाट कडा येतात आणि त्या भिंती खरवडतात. वडिलांची एक आवडती एलपी मी तशी वाजवत राहिलो. आज तिच्यावर कितीही चांगली सुई ठेवली, तरी तारसप्तकात खरखर येते. ती खरखर आता चराचाच भाग झाली आहे. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

हिरा प्लास्टिकवर झिजतो त्यात धुळीचा मोठा हात आहे. तिच्यातले वाळूचे कण कठीण असतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा बातमीत येतो तेव्हा, हवा कोरडी असते. रेकॉर्डवर स्थिर वीज साठते आणि धूळ ओढली जाते. कार्बन फायबरचा ब्रश आणि सुईचा छोटा ब्रश हे कार्ट्रिजच्या खर्चातच धरावेत. सुईवर ब्रश मागून पुढे फिरवायचा, उलटा कधीच नाही. भार मोजायला ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा, सराफ बाजारात असतो त्या जातीचा. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते हा समज घातक आहे. हलकी सुई भिंत सोडून उडते आणि आदळते.

महाग कार्ट्रिज चुकीच्या भुजेवर (टोनआर्मवर, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावर) बसवणं हा मला सर्वांत वाया गेलेला खर्च वाटतो. भुजेचं वजन आणि दांडीची लवचिकता मिळून एक झोका तयार होतो. तो सेकंदाला ८ ते १२ वेळा असावा. खाली गेला तर वाकलेल्या रेकॉर्डवर सुई हेलकावते, फार वर गेला तर खर्जात लुडबुड होते. गणित सोपं आहे: भुजा, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून १८ ग्रॅम, दांडीच्या लवचिकतेचा आकडा २०, गुणाकार ३६०, त्याचं वर्गमूळ १९, आणि १५९ या ठरलेल्या आकड्याला १९ने भागा. साडेआठच्या जरा खाली, म्हणजे ठीक. डेनॉनचं डीएल-१०३ हे कार्ट्रिज साठच्या दशकापासून आजतागायत बनतं, उत्तम आहे, पण त्याची दांडी ताठ असते आणि तिला जड भुजा लागते. भाच्याची भुजा हलकी आहे.

वडिलांच्या रेकॉर्डच्या पेटीच्या तळाशी ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) काही तबकड्याही निघाल्या, त्यात गायक द. वि. पलुस्करांच्या दोन. त्यांचे वडील विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात पंचवटीतल्या आश्रमात राहिले, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव जरा जवळिकीने घेतलं जायचं. द. वि. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले, आपल्याकडे एलपी रुळण्याआधी. त्या तबकड्यांना एलपीची सुई लावायची नाही. त्यांचा चर रुंद असतो आणि त्याला ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक हवं. बारीक सुई तळाशी जाऊन कचऱ्यातून खडखडत जाते. कार्ट्रिजच्या त्याच अंगावर ७८ची वेगळी सुई चढवता येईल, अशाच घराण्यातलं कार्ट्रिज मी भाच्याला सुचवलं.

त्याने लंबगोल सुई घेतली. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवून पेन्सिलीने तास लिहितोय. परवा ४१ झाले होते. एका सतारीच्या एलपीची शेवटची पाच मिनिटं आम्ही संगणकावर घेऊन ठेवली आहेत. तीनशे भरले की त्याच अंगावर मायक्रोलिनियर सुई चढवून तीच पाच मिनिटं पुन्हा घेणार आहोत.