कुमार कादंबरीतील पहिले प्रेम आणि वयात येणे : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

साधारणपणे बारा ते अठरा या वयोगटातील नायक-नायिकांभोवती रचलेल्या आणि मुख्यतः त्याच वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कथात्म साहित्यात पहिले प्रेम आणि वयात येणे हा एक मध्यवर्ती विषय होय. घराबाहेरच्या कुणाविषयी पहिल्यांदाच वाटलेली ओढ आणि त्या ओढीमुळे आईवडील, मित्रमंडळी, स्वतःचे शरीर व गावातील आपली जागा यांच्याकडे पाहण्याची बदललेली दृष्टी, हे दोन धागे अशा कथेत सहसा एकत्र विणलेले असतात. प्रौढ प्रेमकथेत दोघे एकत्र येतात की नाही, यावर कथानकाचा भार असतो. कुमारकथेत तो प्रश्न दुय्यम ठरतो, कारण तेथे प्रेम बहुधा टिकत नाहीच आणि ते निसटत असताना त्या मुलाला किंवा मुलीला काय कळले, हाच कथेचा गाभा असतो.

मुलाच्या घडणीची दीर्घ कादंबरी युरोपात, विशेषतः जर्मन भाषेत, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रुजली होती. किशोरवयीन वाचकांसाठीची वेगळी शाखा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत आकाराला आली. मॉरीन डेली यांची १९४२ मधील ‘सेव्हन्टीन्थ समर’ ही उन्हाळी सुटीतील प्रेमाची कादंबरी तिच्या प्रारंभीच्या नमुन्यांत गणली जाते. १९६७ मध्ये ‘द आउटसायडर्स’ प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या लेखिका एस. ई. हिंटन अठरा वर्षांच्या होत्या. किशोरांविषयी किशोरानेच लिहावे, ही शक्यता त्या पुस्तकाने ठळक केली. जूडी ब्लूम यांच्या ‘फॉरएव्हर’ (१९७५) या कादंबरीने पहिल्या प्रेमातील शरीरसंबंधांविषयी आडपडदा न ठेवता लिहिले आणि त्यामुळे ती अनेक शालेय ग्रंथालयांत वादग्रस्त ठरली.

मराठीत या विषयाची वाट वेगळी आहे. वाढत्या वयाची सर्वाधिक वाचली गेलेली मराठी कथा म्हणजे साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’. तीत मुलाची सगळी घडण आईच्या सहवासातून होते, त्यामुळे समवयस्क मुलीसाठी तेथे जागाच उरत नाही. पुढे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मराठी मुलांना घराबाहेरच्या जगात मनसोक्त हिंडवले. पण त्या जगात साहस, चातुर्य आणि मैत्री होती, प्रेम नव्हते. कुमारांसाठी म्हणून जे छापले गेले, त्यातून प्रेमाचा विषय दीर्घकाळ अलगद वगळला गेला. त्यामागे बंदीपेक्षा संकोच अधिक होता, आणि ही पुस्तके पालक व शिक्षक यांच्या हातून मुलांपर्यंत पोहोचत असल्याने तो संकोच व्यवहाराच्या दृष्टीने समजण्यासारखाही होता. परिणामी शाळकरी वयातील प्रेम मराठीत आले ते बहुतांशी प्रौढांसाठीच्या पुस्तकांतून. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी आणि वर्गातील शिरोडकर यांची ही कथा प्रौढ वाचकांसाठी प्रसिद्ध झाली, आणि नववी-दहावीच्या मुलांनी ती आपण होऊन जवळ केली. त्यातील मुलगी नायकाच्या मनातही बराच काळ आडनावानेच वावरते, हा तपशील त्या पिढीच्या वर्गखोलीचे अंतर नेमके दाखवतो. ‘फँड्री’ (२०१३) या नागराज मंजुळे दिग्दर्शित चित्रपटाने शाळकरी ओढीच्या आड येणारी जात जितक्या उघडपणे मांडली, तितकी ती कुमारांसाठीच्या मराठी गद्यात आजही क्वचितच येते.

बेळगाव सीमाभागाचा विचार या ठिकाणी स्वतंत्रपणे करावा लागतो, तो दोन कारणांनी. पहिले कारण साहित्यिक आहे. मराठीतील बालपणाच्या कथांचा एक अत्यंत मोलाचा गुच्छ याच मातीतला आहे. प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) हे कवयित्री इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे पुत्र. त्यांचे बालपण बेळगावात गेले आणि पुढे कराड येथे त्यांनी भूशास्त्राचे अध्यापन केले. ‘वनवास’ (१९९४) या संग्रहापासून ‘झुंबर’पर्यंतच्या चार पुस्तकांत त्यांनी लंपन या मुलाची गोष्ट सांगितली. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील एका गावात आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा स्वतःच्या विलक्षण मोजमापांनी जग मोजतो. साध्यासुध्या गोष्टींना अवाढव्य आकडे लावणे आणि ऊठसूट ‘मॅड’ म्हणणे ही त्याची खूण. भोवतालच्या माणसांच्या बोलण्यातील कानडी लकब त्याच्या कथनात इतकी सहज मिसळते, की ती रंग भरण्यासाठी घातली आहे असे कोठेही वाटत नाही.

लंपन आणि सुमी यांचे नाते हा या कथांचा सर्वांत नाजूक भाग आहे. ती जवळच राहणारी, त्याच्यापेक्षा समजूतदार मुलगी आहे. ती समोर आली की त्याला काहीतरी होते. पण काय होते हे त्याला सांगता येत नाही आणि लेखकही त्याच्या वतीने ते सांगत नाही. ‘प्रेम’ हे नाव न देता ती अवस्था पानेच्या पाने जिवंत ठेवणे, हे संतांचे खरे कसब. वर्षानुवर्षांनी मागे वळून लिहिणारा लेखक सहसा मुलाच्या तोंडी स्वतःचे शहाणपण घालतो आणि कथा बिघडवतो. संतांनी पन्नाशी उलटल्यावर ही पुस्तके प्रसिद्ध केली, तरीही तो मोह टाळला. तथापि, लंपन हा मूल आहे, किशोर नव्हे. शरीराचे बदल, चोरटेपणा, बदनामीची धास्ती या गोष्टी त्याच्या कथांच्या कक्षेत फारशा येत नाहीत, म्हणून त्यांना पहिल्या प्रेमाची कुमारकथा म्हणण्यापेक्षा तिची पूर्वपीठिका म्हणणे अधिक योग्य ठरेल. २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी यांच्या दिग्दर्शनाखाली या कथांवर आधारित ‘लंपन’ ही मालिका आली.

दुसरे कारण सामाजिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील वाद महाजन आयोगाच्या १९६७ मधील अहवालाने मिटला नाही, आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी मुलांच्या वाट्याला हा इतिहास मोर्चे, फलक आणि १ नोव्हेंबरचा काळा दिवस या रूपांनी लहानपणापासूनच येतो. मात्र वयात येण्याच्या कथेच्या दृष्टीने त्याहून निर्णायक ठरते ती दहावीची परीक्षा. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेला विद्यार्थी कर्नाटकच्या मंडळाची एसएसएलसी ही दहावीची परीक्षा देतो. त्यानंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान किंवा वाणिज्य शाखा घेतली की शिकण्याची भाषा बहुधा इंग्रजी होते आणि वर्गात कानडी मुले-मुली भेटतात. ज्यांना हे नको असते, ते हद्द ओलांडून चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरची वाट धरतात. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी, पहिली ओढ जेव्हा जोरात असते, नेमके तेव्हाच शाळा, भाषा आणि सोबती ही तिन्ही एकदम बदलतात. अन्यत्र कादंबरीकाराला वियोगासाठी बदली, आजार किंवा लग्न योजावे लागते. सीमाभागात दहावीचा निकाल तेवढ्यासाठी पुरेसा असतो. मराठी कथा या टप्प्यावर पुरेशी रेंगाळलेली नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

कथानकाची उपकरणेही प्रदेशानुसार बदलतात. गावात प्रत्येक मुलगी भावकीने किंवा गावकीने कुणाची तरी अक्का, ताई किंवा बहीण लागते, त्यामुळे ओढ जन्माला येते ती बहुधा शेजारच्या मोठ्या गावातील हायस्कूलमध्ये आणि तेथवर नेणाऱ्या बसमध्ये. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात, जेथे कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात. संध्याकाळची बस चुकली तर ती कुणामुळे चुकली, हे दुसऱ्या दिवशी गावाला ठाऊक असते. जून २०२३ पासून कर्नाटकात लागू झालेल्या, महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे मुलीच्या हातात शून्य रकमेचे तिकीट असते आणि मुलाच्या खिशात सवलतीचा पास. तीच मुलगी पुढे हद्दीवरच्या शिनोळीच्या बाजूने महाराष्ट्रात शिकायला गेली, तर हद्दीपलीकडे तिला पैसे मोजावे लागतात. शहरात टिळकवाडीतील रेल्वे गेट हे थांबण्याचे अधिकृत निमित्त आहे: फाटक पडले की सायकली आणि दुचाकी शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि गाडी जाईपर्यंत कुणालाच कुठे जाता येत नाही. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेशोत्सव यांत मुलामुलींना रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्याची मुभा मिळते, आणि घरच्यांचे डोळेही त्याच गर्दीत असतात. कथेला ताण हवा असेल, तर तो येथे आयता आहे.

मध्यस्थ हे पात्र या कथांत जवळजवळ अटळ असते. निरोप पोहोचवणारा मित्र, वहीत चिठ्ठी ठेवणारी मैत्रीण किंवा काहीही न कळता चॉकलेटच्या बदल्यात धावणारा धाकटा भाऊ यांच्यावाचून प्रकरण पुढे सरकत नाही आणि फुटते तेही त्यांच्यामुळेच. मोबाईलने ही जागा बरीच घेतली आहे. तरीही घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांच्या नावावर असेल, तर मध्यस्थाची गरज संपत नाही. मुलगा मराठी आणि मुलगी कानडी असेल, तेव्हा दोघांची बोली भाषा बाजारात आणि वर्गात जुळलेली असते, पण लिहिताना दोघांची लिपी वेगळी पडते आणि संदेश रोमन अक्षरांत टाइप होतात. अशा जोडीविषयी लिहिताना सीमावादाचे रूपक करण्याचा मोह लेखकाला होतो. तो आवरलेला बरा, कारण सोळा वर्षांच्या मुलीला महाजन अहवालापेक्षा मोठ्या भावाची भीती अधिक खरी असते.

श्रमिक घरांतील वाढते वय हा या विषयाचा दुर्लक्षित भाग आहे. निपाणीचे कथाकार महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत असताना तंबाखूच्या वखारींतील बायका, ड्रायव्हर आणि गॅरेजमधील कामगार यांचे जग मराठीत आणले. हे कुमारसाहित्य नव्हे. पण शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलामुलींचे प्रेम कसे लिहावे, याची भाषा त्या परंपरेत सापडते. कामाला जाणाऱ्या मुलीचे वयात येणे घरच्यांच्या लेखी लगेच लग्नाच्या बोलणीशी जोडले जाते, त्यामुळे तिच्या कथेत पहिल्या प्रेमाला मिळणारा अवधी शाळकरी मुलीच्या तुलनेत फारच थोडा असतो.

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची शरीरसंबंधाची संमती ग्राह्य धरली जात नाही. त्यामुळे पळून जाण्याचे जुने कथानक आता मुलावरील फौजदारी खटल्यापर्यंत पोहोचते, आणि समकालीन कथाकाराला हे गृहीत धरूनच लिहावे लागते.

वाचकांपर्यंत पुस्तके पोहोचण्याचा मार्ग सीमाभागात प्रामुख्याने मराठी शाळांची कपाटे, गावोगावची वाचनालये आणि ग्रामीण साहित्य संमेलने यांतून जातो. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आणली, तेव्हापासून येथे साहित्य आणि भाषिक अस्मिता एकमेकांना घट्ट बिलगून आहेत. कडोली, उचगाव यांसारख्या गावांत भरणारी संमेलने हा त्याचाच विस्तार होय. या व्यासपीठांवर भाषेच्या हक्काविषयीचे लेखन ओघानेच अग्रस्थानी राहते, आणि वयात येणाऱ्या मुलामुलींच्या खासगी गोंधळाला तेथे वेळ मिळतो तो बहुधा कविसंमेलनात, एखाद्या महाविद्यालयीन मुलाच्या कवितेपुरता.