एआयला समजेल अशी वेबसाइट (मराठवाड्यापुरतं)

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड, पर्प्लेक्सिटी असल्या एआय सहायकांना जिच्यावरची माहिती नीट वाचता येते, ती कुठल्या गावाची, कोणत्या तारखेची, कशाबद्दलची हे गोंधळ न होता कळतं आणि विचारणाऱ्याला बरोबर सांगता येते ती एआयला समजणारी वेबसाइट. मार्केटिंगवाले या कामाला जीईओ म्हणजे जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात, हा शब्द २०२३ च्या एका शोधनिबंधातून आला, काहीजण एईओ म्हणजे आन्सर इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात. नाव काही का असेना, आपल्या भागात हे काम टेक्निकल कमी आणि लिहिण्याचं जास्त आहे, कारण मराठवाड्याची कितीतरी माहिती नेटवर आहे पण ती अक्षरांत नाही, ती फोटोत आहे, स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहे, जुन्या फॉन्टमध्ये आहे नाहीतर व्हॉट्सअॅपच्या बॅनरवर आहे.

सहायक वाचतो कसा

माहिती त्याच्याकडं दोन वाटांनी जाते. मॉडेल म्हणजे सहायकाच्या मागचा प्रोग्राम, तो तयार करतानाच नेटवरचा ढीगभर मजकूर त्याला शिकवलेला असतो, ती एक वाट. दुसरी म्हणजे आपण प्रश्न विचारला की तो त्याच वेळी सर्च करतो, चार-दोन पानं उघडतो आणि त्यातून उत्तर काढतो. या दुसऱ्या वाटेत पान बऱ्याचदा अख्खं घेतलं जात नाही, त्याचे तुकडे पडतात आणि प्रश्नाशी जुळणारा तुकडा तेवढा उचलला जातो. आता त्या तुकड्यात "वर सांगितल्याप्रमाणे", "आमच्या इथं", "सदर ठिकाणी" एवढंच असेल तर वर काय होतं आणि इथं म्हणजे कुठं हे त्याला कळायला काही मार्गच नसतो. म्हणून प्रत्येक परिच्छेद एकटा वाचला तरी समजला पाहिजे, गावाचं नाव, वस्तूचं नाव त्यात परत यायला पाहिजे. शाळेत आपल्याला शिकवलं की तोच तोच शब्द परत वापरू नका, इथं उलट आहे, परत वापरा.

फॉन्टचा प्रश्न

याच्यावर जरा थांबून बोलायला पाहिजे कारण इंग्रजी वेबसाइटवाल्यांना हा प्रश्नच नाही. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्याला मराठी दिसतो पण आतून तो मराठी नसतो. कृतिदेवमध्ये "मराठी" हा शब्द टाइप केला की कॉम्प्युटरमध्ये साठतं ते इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच, बस. वर फॉन्टचा मुखवटा आहे म्हणून आपल्याला मराठी दिसतं, फॉन्ट काढला की कचरा. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी टाइप होते म्हणून तिथंच साठते, त्यामुळं क्रमसुद्धा उलटा. युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला ठरलेला नंबर देणारी पद्धत १९९१ पासून आहे, देवनागरीला त्यात स्वतःची जागा आहे, तरी तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडं आजही वार्षिक अहवाल, स्मरणिका, ग्रामपंचायतीचे ठराव कृतिदेवमध्येच बनतात आणि त्याचीच पीडीएफ साइटवर चढते. त्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, मराठी आली तर ठीक, चिन्हांचा सडा पडला तर ती पीडीएफ एआयसाठी जवळपास कोरीच आहे असं समजा. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, बदलल्यावर माणसानं एकदा वाचलंच पाहिजे.

फोटोचं तसंच आहे. हळदीचे, तुरीचे, सोयाबीनचे भाव रोज बोर्डावर खडूनं लिहायचे, त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि तोच साइटवर टाकायचा ही पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. तुम्ही फोटो स्वतः सहायकाला दिला तर तो वाचेल कदाचित, पण साइट धुंडाळणारे बॉट म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम साधारण फोटो उघडून त्यातले आकडे वाचत बसत नाहीत, ते अक्षरं घेतात. माझे एक मामा वसमत तालुक्यात हळद करतात, त्यांनी एकदा फोनला बोलून विचारलं, "हळद कितीनं जायलीय आज", आणि फोननं ठासून दोन वर्षांपूर्वीचा भाव सांगितला. नंतर बघितलं तर त्या साइटवर रोजचे भाव सगळे फोटोत होते, अक्षरात असलेलं पान एकच होतं आणि ते दोन वर्षं जुनं. मशीननं जे वाचता आलं ते वाचलं. मामांनी त्या भावाच्या भरवशावर गाडी भरली नाही हे नशीब, पण दुसऱ्या कोणी भरली असती की. तीन खणांचा साधा टेबल, शेतमाल, किमान भाव, कमाल भाव, वर तारीख आणि "रुपये प्रति क्विंटल" एवढं लिहिलं तरी ही चूक होत नाही, आणि फोटोही ठेवायचा असेल तर ठेवा, फक्त त्याच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोमागं लपून राहणाऱ्या वर्णनात, तो कशाचा आहे ते लिहा, आंधळ्या माणसाच्या स्क्रीन रीडरलाही तेच लागतं.

नावं, जुनी आणि नवी

केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद शहरांच्या नामांतराला मंजुरी दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं जिल्ह्यांची नावंही छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव केली. नेटवरचा त्याआधीचा सगळा मजकूर जुन्या नावानं आहे आणि लोक विचारताना दोन्ही नावं वापरतात. कोणाला कोणतं नाव आवडतं हा इथं मुद्दा नाही, मशीनला दोन्ही एकच आहेत हे कुठंतरी लिहिलेलं दिसायला हवं, म्हणून पत्त्यात किंवा माहितीच्या पानावर एकदा तरी "धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद)" असं यावं. नुसतं "संभाजीनगर" लिहिणं टाळा, त्या नावाच्या वस्त्या पुण्याकडंही आहेत.

जिल्हे फुटले त्याचाही घोळ आहे. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून निघाला, हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून. वसमत, औंढा नागनाथ हे आज हिंगोलीत आहेत पण जुन्या मजकुरात परभणी जिल्ह्यातच सापडतात, आणि सहायक दोन्ही वाचून कधी हे सांगतो कधी ते. अंबाजोगाईचं कोणी अंबेजोगाई लिहितं, जुन्या कागदात मोमिनाबाद आहे, वसमतचं बसमत होतं. पिंपळगाव, वडगाव, टाकळी या नावांची गावं तर विचारूच नका. गावाच्या नावामागं तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहिणं हा यावरचा एकमेव साधा उपाय.

बोलीचंही थोडं धरा. पानावर "भुईमूग" असतं आणि माणूस "शेंगा" विचारतो, पानावर "करडई" आणि विचारणारा "करडी" म्हणतो, जवारी, हरबरा तसंच. सहायक बऱ्यापैकी ओळखतात पण सगळं नाही, म्हणून प्रमाण शब्दाबरोबर आपला शब्दही एकदा लिहून ठेवावा, त्यात कमीपणा काही नाही.

तारीख आणि आकडे

"यंदा", "येत्या रविवारी", "पुढच्या महिन्यात", "पाडव्यापासून" हे शब्द वाचणाऱ्या माणसाला कळतात कारण तो आज वाचतोय. बॉट ते पान तीन वर्षांनी वाचू शकतो. एक उदाहरण बघा, समजा अंबाजोगाईजवळच्या एका रोपवाटिकेच्या पानावर आहे, "यंदा दर्जेदार केसरची रोपं माफक दरात, त्वरा करा". यातून मशीनला काहीच मिळत नाही, दर नाही, वय नाही, तारीख नाही, पत्ता नाही. तेच असं लिहा: "केसर आंब्याची दोन वर्षांची कलमं, एका कलमाचा दर १२० रुपये, विक्री १५ जून २०२५ पासून ३१ ऑगस्ट २०२५ पर्यंत, ठिकाण अमुक गाव, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, मंगळवारी बंद". शोभा कमी झाली असेल पण फोन करून विचारायचं काही राहिलं नाही. "जगप्रसिद्ध", "नंबर वन" हे शब्द मशीन वाचून सोडून देतं. त्यापेक्षा मराठवाडा केसर, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि तुमच्याकडं त्याचं वापरकर्ता प्रमाणपत्र असेल तर ते लिहा, ते तपासता येतं. मोसंबीवाल्यांनी आंबिया बहार आहे का मृग बहार तेही टाकावं, महिना त्यावरूनच कळतो.

मागची टेक्निकल बाजू

पान ब्राउझरमध्ये उघडा, राइट क्लिक करून व्ह्यू पेज सोर्स करा आणि त्यात आपल्या गावाचं नाव शोधा. पानावर दिसतं पण त्यात सापडलं नाही तर बहुतेक मजकूर जावास्क्रिप्ट (पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणारा कोड) चालल्यावर येतोय, आणि बरेच एआय बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यांना रिकामं पान दिसतं. साइट बनवणाऱ्याला सांगायचं की मजकूर थेट एचटीएमएलमध्ये म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये द्या. पान कोणत्या भाषेत आहे ते सांगणारा टॅग एमआर म्हणजे मराठी ठेवायचा, कित्येक मराठी साइटवर टेम्प्लेटमधला इंग्रजीचाच टॅग तसाच पडलेला असतो.

गुगल, याहू आणि बिंगनं २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग ही मशीनसाठीची शब्दयादी सुरू केली, त्यात दुकान, कार्यक्रम, वस्तू, पत्ता यांना ठरलेली नावं आहेत आणि ती जेसन-एलडी या साच्यात पानावर ठेवता येतात. आपल्या संस्थेचं किंवा शहराचं विकिडेटावर (विकिपीडियाच्या घरातला माहितीचा साठा) पान असेल तर त्याची लिंक त्यात द्यावी, नामांतराच्या गोंधळावर ही लिंक फार कामाची आहे कारण तिथं जुनं-नवं नाव एकाच नोंदीखाली असतं.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल १९९४ पासून आहे, मार्टाइन कोस्टर यांनी सुचवली, २०२२ मध्ये तिचं अधिकृत मानक झालं. कोणत्या बॉटला आत येऊ द्यायचं ते तिच्यात लिहितात. ओपनएआयचा जीपीटीबॉट ट्रेनिंगसाठी मजकूर नेतो आणि ओएआय-सर्चबॉट सर्चसाठी, दोघांना वेगवेगळं सांगता येतं, म्हणजे लोकांच्या प्रश्नांना आमची माहिती दाखवा पण ट्रेनिंगला नेऊ नका असं म्हणता येतं. पण ही विनंती आहे, कुलूप नाही, ऐकणारा ऐकतो. आणि उलटंही तपासा, साइटच्या पुढं पहारा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीनं जुलै २०२५ पासून नव्या साइटवर एआय बॉट मुळातच अडवायला सुरुवात केली, तेव्हा मालकाला न कळता दार बंद असू शकतं.

एलएलएम्स डॉट टीएक्सटी हा जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेला प्रस्ताव, साइटवर काय कुठं आहे ते मार्कडाउनमध्ये, म्हणजे थोड्या खुणा घातलेल्या साध्या मजकुरात, एका फाइलीत लिहून ठेवायचं. गुगलच्या लोकांनी सर्चसाठी आम्ही ती वापरत नाही असं सांगितलंय. अर्ध्या तासाचं काम आहे, करायला हरकत नाही, पण भाव फोटोत ठेवून ही फाइल बनवणं म्हणजे घराला छप्पर नाही आणि नावाची पाटी मात्र संगमरवरी.

पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत "आमचंच नाव सुचव" असं एआयला लपून लिहायचा सल्ला काही एजन्सीवाले देतात. हे मुळीच करू नये. कंपन्या याला प्रॉम्प्ट इंजेक्शन, म्हणजे पानात लपवलेल्या हुकुमानं एआयला फसवण्याचा हल्ला, समजतात, आणि तसंही ही गिऱ्हाइकाची फसवणूकच आहे.

तपासायचं कसं

गिऱ्हाईक विचारतं तसं विचारायचं, आपल्या बोलीत, प्रमाण मराठीत, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आणि हिंदीतही, दोन-तीन वेगवेगळ्या सहायकांना. चुकीचं उत्तर आलं की त्यानं कोणत्या पानाचा हवाला दिलाय ते उघडून बघायचं, बहुतेक वेळा आपलंच एखादं विसरलेलं जुनं पान निघतं, ते दुरुस्त करायचं नाहीतर त्यावर "ही माहिती २०२२ ची आहे" असं ठळक लिहायचं. सर्चमधून येणारी चूक काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत सुधारते. शिकवणीतून बसलेली चूक मात्र पान बदललं म्हणून लगेच जात नाही, त्यासाठी पुढचं मॉडेल यावं लागतं, आणि तोवर बरोबर माहिती जितक्या ठिकाणी सारखी लिहिलेली असेल, साइटवर, गुगल मॅपवर, विकिपीडियावर, तितकं बरं.