गावी आणला म्हणजे सुटले असे नाही
ब्राऊन शुगर, ट्रामाडॉल, कोडीनची सिरप: आमच्या मेडिकल दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मुंबईत मुलगा पावडर ओढतो असे कळले की घरचे त्याला मिळेल त्या गाडीने गावी आणतात. खोलीत ठेवून बाहेरून कडी लावतात, मोबाईल काढून घेतात. आठवडाभर तो तळमळतो, मग जेवू लागतो, झोपू लागतो. घराला वाटते, सुटले एकदाचे. गणपती झाले की तो परत मुंबईला जातो, आणि जिवाला सर्वात मोठा धोका नेमका तिथून सुरू होतो. नशा बंद असताना शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी जी पुडी त्याला जेमतेम पुरायची, तीच आता श्वास थांबवू शकते. म्हणून आमचे सांगणे एकच आहे: पुढच्या औषधाची सोय आधी लावा, मग नशा थांबवा.

ओळखायचे कसे

अफूच्या जातीची नशा म्हणजे फक्त गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, नव्हे. कोडीन असलेली खोकल्याची सिरप, ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या, पेंटाझोसिनचे इंजेक्शन ही सगळी त्याच घरातली. पाठदुखीसाठी रीतसर सुरू झालेली गोळीही काही महिन्यांत दिवसाला दहावर जाऊ शकते. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. कोडीन आणि ट्रामाडॉलची प्रत्येक विक्री आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर व रुग्णाच्या नावासह लिहावी लागते. तेव्हा जुन्या चिठ्ठीवर या गोळ्या द्यायला आम्ही नकार दिला, तर राग मानू नका.

घरात पाहायच्या खुणा: काळपट रेघा उठलेली चंदेरी पन्नी, गादीखाली रिकाम्या स्ट्रिप्स, 100 मिलीच्या रिकाम्या बाटल्या, भर दुपारीसुद्धा टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक डोळ्यांच्या बाहुल्या, जुनाट बद्धकोष्ठता, बसल्या बसल्या लागणारी पेंग. रोज सकाळी नाक गळणे आणि एकामागून एक जांभया, आणि बाहेर जाऊन आला की ‘सर्दी’ गायब. ही सर्दी नसते, रात्रीची मात्रा उतरलेली असते.

लघवीची तपासणी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. अफूसाठीची साधी पट्टी गर्द दोन-तीन दिवस दाखवते, पण ट्रामाडॉल व टॅपेंटाडॉल तिच्यात दिसत नाहीत.

टर्की म्हणजे काय

नशा बंद झाल्यावर अंगाला होणाऱ्या त्रासाला मुंबईकडे टर्की लागणे म्हणतात. ती गर्दची शेवटची मात्रा घेतल्यावर साधारण 8 ते 12 तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. हाडे मोडल्यासारखी दुखतात, जुलाब-उलट्या होतात, अंगावर काटा येतो, पाय आपोआप झटकतात, झोप लागत नाही. एरवी धडधाकट माणसाला हे बहुधा प्राणघातक नसते, पण जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी गेले तर ठरू शकते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळा आणि थोडे थोडे पाजत राहा. अर्धे पाकीट अंदाजे एका पेल्यात टाकू नका.

तीन प्रसंगी घरी अजिबात थांबवायला जाऊ नका. ट्रामाडॉल खूप घेणाऱ्याला फिट येऊ शकते. सोबत रोज झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर ती एकदम बंद केल्यानेही फिट येते. आणि ती गरोदर असेल तर अचानक बंद केल्याने पोटातल्या बाळाला धोका असतो. (हो, बायकाही असतात. त्यांच्याबद्दल घरात बोललेच जात नाही, म्हणून त्या उशिरा पोहोचतात.)

कुठे जायचे

पहिला फोन 14446. ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी 14416, टेलिमानस, मराठीत बोलता येते. रत्नागिरीला 1886 पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला बिचकू नका, व्यसनाचे उपचार मानसोपचारतज्ज्ञच करतात. सिंधुदुर्गातल्यांना ओरोसचे जिल्हा रुग्णालय जवळ. सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडच्या घरांना गोव्यातली बांबोळीची मानसोपचार संस्था हाताशी आहे. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून हेच काम करते. निघण्यापूर्वी फोन करून ओपीडीचा वार आणि बुप्रेनॉर्फिन (नशेच्या जागी देतात ते औषध, पुढे सांगितले आहे) मिळते का, हे दोन्ही विचारा. एसटीची फेरी वाया गेली की दुसऱ्यांदा तो यायला तयार होईलच असे नाही.

जाताना एका कागदावर लिहून न्या: काय घेतो, दिवसातून किती वेळा, किती, ओढतो, गिळतो की टोचतो, किती वर्षे, शेवटची मात्रा किती वाजता, दारू, झोपेच्या गोळ्या, इतर आजार. रिकाम्या स्ट्रिप्स फेकू नका, सोबत घ्या. टोचून घेत असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी या तपासण्या मागून घ्या. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमातून ते औषध मोफत मिळते.

बुप्रेनॉर्फिनबद्दल नीट समजून घ्या

डॉक्टर बहुतेक वेळा बुप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी देतात. ती आमच्या काउंटरवर मिळत नाही. व्यसनमुक्तीची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावी लागते.

सुरुवात करायची वेळ फार महत्त्वाची आहे. पहिली गोळी टर्की स्पष्ट दिसू लागल्यावरच द्यायची, म्हणजे गर्दच्या बाबतीत निदान 12 तासांनी. अंगात नशा असताना दिली तर ती मेंदूतल्या जागांवरून नशेला ढकलून देते आणि अर्ध्या-एक तासात जबर टर्की येते. मग रुग्ण म्हणतो, ‘या गोळीनेच मला मारले,’ आणि पुन्हा हात लावत नाही. डॉक्टर शेवटच्या मात्रेची वेळ विचारतात ती यासाठी. खोटी सांगू नका.

पहिला डोस बहुधा 2 ते 4 मिलिग्रॅम असतो, पुढच्या काही दिवसांत डॉक्टर वाढवत नेतात. गोळी जिभेखाली ठेवायची, 5 ते 10 मिनिटे पूर्ण विरघळू द्यायची. तोवर बोलणे, चहा, तंबाखू काही नाही. गिळली तर जवळजवळ वाया जाते. ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा. विरघळल्यावर चूळ भरा, दात तासाभराने घासा, नाहीतर किडतात.

घरातले वडीलधारे विचारतात, एक नशा सोडवून दुसरी कशाला लावता? ही गोळी दिवसभर सारखी टिकते. चढ-उतार नसल्याने माणूस झोपतो, जेवतो, कामावर जातो. एकट्या या औषधाने श्वास थांबण्याचा धोका बराच कमी आहे, मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत तो वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घातले. महिन्याभरात बंद करा असा आग्रह धरू नका. अनेकांना वर्ष, काहींना त्याहून जास्त लागते. गोळ्या कुलपात ठेवा, मोजून द्या. लहान मुलाने एक चघळली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

दुसरे औषध नाल्ट्रेक्झोन, 50 मिलिग्रॅम. ते नशेचा परिणाम अडवते. शेवटची नशा घेऊन 7 ते 10 दिवस पूर्ण झाल्यावरच. काही घरांत ते किंवा ‘व्यसनमुक्तीची पावडर’ चहातून गुपचूप देतात. असे कधीही करू नका. अंगात नशा असेल तर काही मिनिटांत अशा उलट्या सुरू होतात की रुग्णालयात न्यावे लागते, आणि विश्वास जातो तो वेगळाच.

केंद्र निवडताना

‘रात्री गाडी पाठवतो, उचलून नेतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार केंद्राची नोंदणी लागते, आणि साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल तर कलम 89 खाली घरचा प्रतिनिधी त्याला दाखल करण्यासाठी अर्ज करू शकतो. दोन तज्ज्ञ वेगवेगळे तपासतात, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. नोंदणी क्रमांक, डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतात, भेट कधी मिळते आणि घरी सोडल्यावर औषध कोण देणार, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथे ठेवू नका.

पोलिसांची भीती असते. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64अ खाली खटल्यापासून संरक्षण आहे, पण ते सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरते, आणि उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर.

खलाशांच्या घरांसाठी: ‘बोटीवर पाठवला की सुटेल’ हे करू नका. समुद्रात टर्की लागली तर तिथे 108 पोहोचत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, उपचार सुरू करायला तेच दिवस बरे. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडण्याआधी किती दिवसांच्या गोळ्या सोबत मिळतील ते डॉक्टरांशी ठरवून ठेवा.

श्वास मंदावला तर

हाक मारून, छातीचे हाड बोटांच्या पेरांनी चोळूनही उठत नाही, ओठ निळसर, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास, घोरल्यासारखा घरघराट: 108 लावा आणि ‘अफूच्या नशेचा ओव्हरडोस’ असे स्पष्ट सांगा, म्हणजे नॅलोक्सोन, नशेचा असर उलटवणारे औषध, तयार ठेवता येईल. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर नाक दाबून तोंडाने दर पाच सेकंदांना एक श्वास द्या. नाडीही लागत नसेल तर छाती दाबणे सुरू करा. मिठाचे पाणी, लिंबू, थंड पाण्याची बादली यांत वेळ घालवू नका. नॅलोक्सोनने शुद्धीवर आला तरी रुग्णालयातून घरी आणण्याची घाई करू नका. त्याचा असर तासा-दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.