घोड्याच्या साजापासून हातातल्या पर्सपर्यंत : एर्मेसची पार्श्वभूमी

पॅरिसच्या एर्मेस कंपनीचे नाव आज निघते ते बहुधा ‘केली’ आणि ‘बर्किन’ या दोन पर्सच्या किमतींवरून. या चढ्या किमती केवळ नावासाठी मोजल्या जातात, असा समज त्यामुळे सहज होतो. परंतु स्थापनेनंतरची ऐंशीहून अधिक वर्षे या कंपनीने स्त्रियांसाठी पर्स बनवलीच नव्हती. तिचे सारे काम घोड्यासाठी चाले. तिच्या पुढच्या वाटचालीतील बऱ्याच गोष्टींचा उलगडा या एका बाबीतून होतो, म्हणून सुरुवात तेथूनच करणे योग्य ठरेल.

संस्थापक तिएरी एर्मेस यांचा जन्म १८०१ मध्ये क्रेफेल्ड येथे झाला. हे गाव आज जर्मनीत असले, तरी त्या काळी फ्रान्सच्या अंमलाखाली होते. १८३७ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये बग्गीच्या घोड्यांचा साज तयार करण्याचा कारखाना काढला. पॅरिसच्या १८६७ च्या जागतिक प्रदर्शनात या कामाला पदक मिळाले. साजाच्या कामात चूक लपत नाही, कारण पट्टा नीट बसला नाही तर घोड्याच्या अंगाला घासून जखम होते आणि शिवण उसवली तर भरधाव बग्गीतल्या माणसांच्या जिवावर बेतते.

या गरजेपोटी जीनगरांनी जपलेला टाका एर्मेसमध्ये आजही घातला जातो. लाकडी चिमट्यात गुडघ्यांमध्ये घट्ट धरलेल्या चामड्याला कारागीर आरीने भोक पाडतो आणि मेण लावलेल्या तागाच्या एकाच धाग्याच्या दोन टोकांना ओवलेल्या दोन सुया त्याच भोकातून समोरासमोरच्या बाजूंनी आरपार काढतो. मग दोन्ही हातांनी धागा सारख्याच ताणाने ओढून पुढच्या भोकाकडे वळतो. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन वेगळे धागे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शिवण सुटत जाण्याचा धोका असतो. येथे मात्र प्रत्येक टाका धाग्याच्या दोन्ही पदरांनी बांधलेला असल्याने एखादा झिजून तुटला, तरी शेजारचे टाके जागचे हलत नाहीत. दोन्ही हात एकाच वेळी गुंतवणारे हे काम आहे. एर्मेसच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर मी या टाक्याकडेच बोट दाखवीन.

तिएरी यांचे पुत्र शार्ल-एमिल यांनी १८८० मध्ये दुकान फोबूर सेंतोनोरे रस्त्यावरील २४ क्रमांकाच्या इमारतीत हलवले आणि साजाच्या जोडीला खोगिरेही करायला घेतली. १९०० च्या सुमारास घोडेस्वारांना खोगीर आणि बूट नेता यावेत म्हणून वर निमुळती होत जाणारी, पट्ट्यांनी आवळायची एक उंच पिशवी तयार झाली. पुढे बर्किनचा आकार ठरला तो या पिशवीवरूनच.

तिसऱ्या पिढीवर खरा कसोटीचा प्रसंग आला. रस्त्यांवर मोटारी वाढू लागल्या आणि अदॉल्फ व एमिल-मोरिस या दोघा भावांच्या डोळ्यांदेखत घोडागाडीचे दिवस सरू लागले. या धंद्याला भविष्य नाही असे अदॉल्फ यांना वाटले व ते बाहेर पडले. एमिल-मोरिस पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तर अमेरिकेत गेले होते. तेथे मोटारीच्या कापडी टपाला लावलेली झिप त्यांनी पाहिली आणि फ्रान्समध्ये ती वापरण्याचे खास हक्क मिळवले. फ्रेंच लोक झिपला काही काळ एर्मेसच्याच नावाने ओळखत. १९२३ मध्ये मोटारप्रवासासाठी केलेली झिपची पर्स आली, तिलाच पुढे ‘बोलिद’ हे नाव मिळाले. ज्या मोटारीने जुना धंदा बुडवला, तिच्याच प्रवाशांसाठी तेच हात आणि तेच चामडे कामी लावण्याचा हा निर्णय मला फार धाडसाचा वाटतो.

एमिल-मोरिस यांचे जावई रोबेर द्युमा यांनी १९३० च्या दशकात पुढे ‘केली’ म्हणून गाजलेल्या पर्सला आकार दिला. १९३७ मध्ये रेशमी चौकोनी रुमाल आले. दुसऱ्या महायुद्धात नेहमीचा फिकट पुठ्ठा मिळेना, म्हणून हाती लागलेल्या नारिंगी पुठ्ठ्याची खोकी वापरावी लागली आणि ती अडचणीतली सोय कंपनीची ओळख होऊन बसली. १९५६ मध्ये मोनॅकोच्या राजपुत्राशी विवाह झालेल्या अभिनेत्री ग्रेस केली यांनी गरोदरपण छायाचित्रकारांपासून लपवण्यासाठी रोबेर द्युमा यांची ती पर्स पोटापुढे धरली, असे सांगितले जाते. पर्सला त्यांचे नाव अधिकृतपणे दिले गेले ते मात्र १९७७ मध्ये.

रोबेर यांचे पुत्र जाँ-लुई द्युमा यांनी १९७८ मध्ये सूत्रे हाती घेतली. पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात गायिका-अभिनेत्री जेन बर्किन त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या टोपलीतले सामान सांडले आणि लहान मुलाच्या आईला पुरेल अशी चामड्याची पिशवी मिळत नाही, ही तक्रार त्यांनी बोलून दाखवली. त्या संभाषणातून १९८४ मध्ये ‘बर्किन’ साकारली. याच जेन बर्किन यांनी २०१५ मध्ये मगरींच्या कत्तलीची माहिती समजल्यावर मगरीच्या कातड्याच्या पर्सवरून आपले नाव काढण्याची मागणी केली होती. कंपनीने दिलेल्या खुलाशाने त्यांचे समाधान झाले. तरीही प्रश्न योग्य होता आणि ज्यांचे नाव पर्सवर आहे त्यांनीच तो विचारला, हे महत्त्वाचे आहे.

१९९३ मध्ये कंपनीचे समभाग पॅरिसच्या बाजारात आले. २०१० मध्ये चैनीच्या वस्तूंच्या धंद्यातील एलव्हीएमएच या बलाढ्य समूहाने त्यांतील १७ टक्क्यांहून अधिक हिस्सा गाजावाजा न करता जमवल्याचे उघड झाले, तेव्हा एर्मेस कुटुंबीयांनी आपले बहुसंख्य समभाग एका कौटुंबिक कंपनीत एकत्र बांधले. हा वाद २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. त्याआधीच, २०१३ मध्ये, सहाव्या पिढीतले आक्सेल द्युमा प्रमुखपदी आले होते.

पर्स आजही बहुतांशी एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिवतो. फोबूर सेंतोनोरेच्या त्याच इमारतीत दुकानाच्या वर खोगिरांची कार्यशाळा अजून चालू आहे आणि तेथे घोडा व स्वार या दोघांचीही मापे घेऊन खोगीर बनवले जाते.