एनके टेस्ट आणि केआयआर टेस्ट: पेशी एकच, प्रश्न दोन

आयव्हीएफमधले दोन-तीन भ्रूण ट्रान्सफर फसले की घोडबंदर रोडपासून वाशी-नेरूळपर्यंत अनेक जोडप्यांच्या हातात 'इम्युनॉलॉजी पॅनल'ची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांची, लांबलचक यादी येते. त्यात एनके सेल आणि केआयआर ही दोन नावं एकाखाली एक छापलेली असतात. दोन्हींच्या पूर्ण नावात 'किलर' आहे, दोन्हींसाठी रक्तच काढतात, म्हणून दोन्ही एकच असं वाटतं. बाई घरी जाते ती "माझंच शरीर बाळाला मारतंय" हा घोर घेऊन. हा समज दोन्ही चाचण्यांबाबत चुकीचा आहे, आणि केआयआरबाबत तर शास्त्र नेमकं उलट सांगतं.

एनके म्हणजे नॅचरल किलर, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. विषाणू शिरलेल्या पेशी मारणं हे रक्तातल्या एनके पेशींचं काम. एनके टेस्ट या पेशी आज किती आहेत, किंवा प्रयोगशाळेत किती आक्रमक दिसतात, ते मोजते. केआयआर टेस्ट पेशी मोजतच नाही. या पेशींवर समोरच्या पेशीला ओळखणारे रिसेप्टर असतात, त्यांचंच नाव केआयआर (किलर-सेल इम्युनोग्लोब्युलिन-लाइक रिसेप्टर), आणि त्यांची जनुकं एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतात. आईकडे जन्मापासून त्यातली कोणती आहेत, ते ही चाचणी वाचते. पहिली संख्या रोज बदलते, दुसरी आयुष्यभर तीच राहते.

हा फरक सॅम्पल देतानाच जाणवायला हवा. एनकेसाठी पेशी जिवंत लागतात. शनिवारी संध्याकाळी कासारवडवलीत घरी येऊन रक्त नेलं आणि ते सोमवारी मशीनवर लागलं, तर पेशींच्या आक्रमकतेचा आकडा वाचण्यात अर्थ उरत नाही. धावत जिना चढून लगेच रक्त दिलं तरी रक्तातल्या एनके पेशी तात्पुरत्या वाढतात. स्टिरॉइड चालू असेल, ताप येऊन गेला असेल, तरी आकडा हलतो. केआयआरला यातलं काही बाधत नाही. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधलं थोडं रक्त किंवा गालाच्या आतून घेतलेला स्वॅब पुरतो. डीएनए फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो, पाळीचा दिवस बघावा लागत नाही आणि चाचणी एकदाच करायची असते. दर सायकलला केआयआर पुन्हा सांगितली तर का, ते विचारा. कारण सापडणार नाही.

एनके टेस्टची खरी अडचण मात्र सॅम्पलची नाही. रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के पेशी एनके असतात. गर्भाशयाच्या अस्तरात पहिल्या तिमाहीत पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके असतात, पण त्या रक्तातल्यांसारख्या नसतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी५६ हे ओळखीचं प्रथिन ठळक असतं, सीडी१६ हे दुसरं जवळजवळ नसतं, आणि त्या मारण्यात कच्च्या असतात. दंडातून काढलेल्या रक्तावरून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही. अस्तराची बायोप्सी केली तरी प्रश्न सुटत नाही. या पेशी पाळीच्या उत्तरार्धात आपसूक वाढतात, त्यामुळे नमुना एलएच (बीज फुटण्याआधी वाढणारं हार्मोन) वाढल्यापासून सातव्या ते नवव्या दिवसाऐवजी दोन-तीन दिवस मागे-पुढे घेतला, तरी 'जास्त' आणि 'नॉर्मल' यांची अदलाबदल होऊ शकते. शिवाय प्रत्येक लॅबची मर्यादारेषा वेगळी.

आता केआयआर. इथे थोडं थांबू, कारण आईच्या प्रतिकारशक्तीचं जनुकशास्त्र खऱ्या अर्थाने इथेच आहे.

गर्भ रुजला की वारेच्या बाहेरच्या पेशी अस्तरात शिरतात आणि आईच्या स्पायरल आर्टरी, म्हणजे अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या, रुंद करतात. त्या पुरेशा रुंद झाल्या तर बाळाला नऊ महिने रक्त पुरतं. अरुंद राहिल्या तर पुढे आईचं बीपी वाढून प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो किंवा बाळाची वाढ खुंटू शकते. या कामात आईच्या एनके पेशी मदत करतात. पेशी कोणाची हे सांगणाऱ्या एचएलए प्रथिनांपैकी वारेच्या या पेशींवर एचएलए-ए आणि एचएलए-बी नसतात, पण एचएलए-सी असतं. त्याचा एक भाग आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. एचएलए-सीचे गट दोन, सी१ आणि सी२. आईच्या केआयआर जनुकांचे संचही दोन, ए आणि बी. ए संचात बहुतेक रिसेप्टर पेशीला रोखणारे असतात. बी संचात उत्तेजन देणारेही बरेच असतात. आईला दोन्हीकडून ए मिळाला तर रिपोर्टमध्ये 'एए' लिहितात, एकही बी असला तर 'बीएक्स'.

बाळाच्या सी२ला आईचा केआयआर२डीएल१ चिकटला की एनके पेशी गप्प बसते. केआयआर२डीएस१ चिकटला तर तीच पेशी कामाला लागते, आणि तो बी संचात सापडतो. म्हणजे आई एए आणि बाळाला वडिलांकडून सी२ आलेला, या जोडीत एनके पेशी हल्ला चढवत नाहीत, उलट पुरेशा जाग्याच होत नाहीत आणि रक्तवाहिन्या रुंद व्हायचं काम अर्धवट राहतं. केंब्रिजमधल्या अ‍ॅशली मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये या जोडीचा प्रीएक्लॅम्पसियाशी संबंध दाखवला. २०१० मध्ये त्याच गटाने वारंवार गर्भपात आणि बाळाची खुंटलेली वाढ यांच्याशीही तो जोडला.

रिपोर्ट वाचताना आधी आईचा केआयआर बघावा. बीएक्स असेल, त्यातही केआयआर२डीएस१ असेल, तर या कारणाने काळजीचं फारसं काही नाही. एए असेल तर वडिलांचं एचएलए-सी बघावं. ते सी१सी१ असतील तर त्यांच्याकडून सी२ येऊच शकत नाही. सी१सी२ असतील तर प्रत्येक भ्रूणाला सी२ मिळण्याची शक्यता निम्मी. सी२सी२ असतील तर प्रत्येक भ्रूणात सी२ येणारच. आईचं स्वतःचं एचएलए-सीही हवं, कारण बाळात आईपेक्षा जास्त सी२ असतील तेव्हा धोका अधिक दिसतो. वडिलांच्या केआयआरचा इथे काही उपयोग नाही. पॅनलमध्ये तो असेल तर पैसे वाया जातात. वडिलांच्या दोन एचएलए-सीपैकी दर बाळाला कोणतंही एक येत असल्यामुळे एकाच जोडप्याचं एक मूल सुखरूप होतं आणि दुसऱ्या वेळी बीपी चढतं, यामागे हे कारण असू शकतं. पण एए ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. युरोपीय वंशाच्या स्त्रियांत साधारण तिघींपैकी एक एए असते आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळंतपणं नीट होतात. हा रिपोर्ट निदान नाही, फार तर जोखमीचा एक धागा आहे.

डोनर स्त्रीबीज घेतलं की गणित बदलतं, कारण मग बाळाचे दोन्ही एचएलए-सी आईला परके असू शकतात. दोन भ्रूण एकदम सोडले तर परका सी२ आणखी वाढतो. स्पेनमधल्या २०१४ च्या एका अभ्यासात दोन भ्रूण सोडल्यावर एए स्त्रियांत गर्भपात जास्त आढळले. यातून एक सल्ला सरळ निघतो आणि त्यासाठी महाग औषध लागत नाही: एका वेळी एकच भ्रूण. जुळ्यांमुळे येणारी जोखीम टळते, ते वेगळंच.

उपचारांत मात्र दोन्ही चाचण्यांची खिचडी होते. एनके 'वाढलेल्या' म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, इंट्रालिपिडची सलाइन, आयव्हीआयजी, कधी पतीच्या पांढऱ्या पेशींची लस दिली जाते. केआयआर एए आला तरी कित्येकदा तेच. जिथे पेशी मुळात कमी जाग्या आहेत, तिथे त्यांना आणखी दाबून काय साधणार? प्रेडनिसोलोनने साखर आणि बीपी वाढतं, आणि गरोदरपणातला मधुमेह आपल्याकडे आधीच खूप आहे. इंट्रालिपिड सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या घटकांपासून बनतं, त्यामुळे त्यांची ॲलर्जी असेल तर ते चालत नाही. आयव्हीआयजी हे रक्तापासून बनवलेलं महाग औषध आहे. युरोपातल्या ईएसएचआरई या संस्थेने २०२३ मध्ये आयव्हीएफसोबत जोडल्या जाणाऱ्या जादा चाचण्या-उपचारांबाबत शिफारशी दिल्या. त्यात एनके आणि केआयआर या दोन्ही चाचण्या, तसंच इंट्रालिपिड आणि स्टिरॉइड, नेहमीच्या वापरासाठी नको असं म्हटलं आहे. केआयआरचं विज्ञान पक्कं आहे, पण ते कळल्यावर कोणतं औषध द्यायचं याचं पक्कं उत्तर अजून नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निदान निम्मे भ्रूणाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. क्युरेटिंग करायची वेळ आलीच तर गर्भाची ऊती (टिश्यू) गुणसूत्र तपासणीसाठी सलाइनमध्ये पाठवायला सांगा. सवयीने फॉर्मलिनमध्ये टाकली की त्या पेशी वाढवून तपासता येत नाहीत. गर्भपात वारंवार होत असतील तर ॲन्टिफॉस्फोलिपिड ॲन्टिबॉडींच्या (या रक्तात गुठळ्या करू शकतात) तिन्ही चाचण्या करा: ल्युपस ॲन्टिकोॲग्युलन्ट, कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करा, कारण एका पॉझिटिव्हवर निदान होत नाही. याही 'इम्युन' चाचण्याच आहेत, पण यांना ॲस्पिरिन आणि हेपॅरिनचा ठरलेला उपचार आहे.

केआयआर आधीच झाली असेल आणि जोडी एए-सी२ निघाली असेल, तर तो कागद ट्रान्सफर ठरवताना पुढे ठेवा. बीज नियमित फुटत असेल तर गोठवलेलं भ्रूण नैसर्गिक सायकलमध्ये सोडता येईल का, ते विचारा. फक्त हार्मोनच्या गोळ्यांवर अस्तर तयार केलेल्या सायकलमध्ये कॉर्पस ल्युटियम (बीज फुटल्यावर अंडाशयात तयार होणारी, हार्मोन बनवणारी गाठ) नसतं आणि प्रीएक्लॅम्पसिया जास्त दिसतो. गर्भ राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीतच आईचं बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर आणि जमल्यास रक्तातलं पीएलजीएफ हे वारेत बनणारं प्रथिन बघून जोखीम काढता येते. ती जास्त निघाली तर डॉक्टर रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देतात, सोळाव्या आठवड्याआधी सुरू करून छत्तिसाव्यापर्यंत. २०१७ च्या ॲस्प्रे या औषध-अभ्यासात ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया याने ६२ टक्क्यांनी कमी झाला. हा उपाय एनके किंवा केआयआर न करताही मिळतो, आणि गोळी अगदी स्वस्त आहे.

आपल्याकडे एक दुवा हमखास तुटतो. उपचार वाशीत किंवा ठाण्यात, सात-आठ आठवड्यांनी आयव्हीएफ सेंटर मोकळं करतं, नाव घराजवळच्या डॉक्टरांकडे घालतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी, साताऱ्याला नाहीतर जळगावला. फाइल कपाटात राहते आणि ॲस्पिरिन मध्येच बंद होतं. ट्रान्सफरची तारीख, डोनर बीज वापरलं का, सायकल कोणती होती, ॲस्पिरिनचा डोस, हे एका कागदावर लिहून सोबत द्या. बीपी १४०/९० किंवा वर गेलं, डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं किंवा चेहरा एकाएकी सुजला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे माहेरच्या माणसांनाही सांगून ठेवा.