जर्मनीचं रेसिडन्स परमिट: अर्ज नेमका कुठे अडतो

नोकरीचा करार झाला, व्हिसा लागला, बॅगा घेऊन माणूस जर्मनीत उतरलाही, आणि परमिट मात्र महिनोन्‌महिने लटकतं. ओळखीतल्यांचे अडलेले अर्ज पाहिले, तर त्यातले बरेचसे एका पानाच्या कागदापायी अडले होते. तो कागद म्हणजे घरमालकाचं पत्र.

आधी पात्रता, थोडक्यात. पदवीधर नोकरदारांसाठी ब्लू कार्ड हे परमिट. त्यासाठी 2026 ची किमान पगाराची अट वर्षाला 50,700 युरो. आयटी, इंजिनिअर, डॉक्टर अशा टंचाईच्या क्षेत्रांत 45,934 युरो 20 सेंट. हा आकडा दर 1 जानेवारीला बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा धरून करारावर सही करू नका. नोकरी शोधायला यायचं असेल तर चान्सेनकार्ट, ही सोय जून 2024 पासून आहे. टूरिस्ट व्हिसावर येऊन इथेच परमिट काढून देतो, असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. भारतीयांना मोठ्या मुदतीचा व्हिसा निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

आता ते पत्र. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग, करायची असते, आणि परमिटच्या अर्जाला ती लागते. हे दिवस विमानातून उतरल्यापासून मोजायचे नाहीत, घरात शिरल्यापासून मोजायचे. नोंदणीला भाडेकरार चालत नाही. घरमालकाचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव असलेलं सहीचं वेगळं पत्र लागतं. बायकामुलं मागाहून येतात आणि त्यांची नावं जुन्या पत्रात नसतात. त्यांच्यासाठी नवं पत्र घ्या. हॉटेल किंवा थोड्या दिवसांची खोली देणारे बहुधा हे पत्र देत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा. पैसे घेऊन नुसता पत्ता देणारेही भेटतील. तिथे न राहता नोंदणी करणं बेकायदा आहे, आणि असा पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्यांवर लोक अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखला खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून आणतात. भारत 2005 साली अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने त्याला हरकत घेतली आणि ती अजून कायम आहे. म्हणजे तो शिक्का इथे कायद्याने लागू होत नाही. त्याऐवजी जर्मन वकिलातीमार्फत दाखल्यांची पडताळणी होते आणि तिला महिने लागू शकतात. हे आधी कोणी नीट सांगत नाही, आणि भुर्दंड मात्र घरच्यांना पडतो. खर्च करण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी विचारा.

कार्यालयाची अपॉइंटमेंट व्हिसा संपल्यानंतरची मिळाली म्हणून घाबरू नका. अर्ज मात्र व्हिसा संपण्याआधी पोचलाच पाहिजे. त्याची पोच जपून ठेवा आणि फिक्शन्सबेशाइनिगुंग, म्हणजे तात्पुरता दाखला, मागून घ्या. तो हातात आला की त्यावर जर्मन रहिवास कायद्याच्या कलम 81 चं कोणतं पोटकलम लावलंय ते बघा. चौथं असेल तर गणपतीला घरी जाऊन परत येता येतं. तिसरं असेल तर नुसत्या त्या दाखल्यावर परत प्रवेश मिळत नाही. तिकीट काढू नका.

आणि पत्रपेटीवर नाव लावा. टॅक्स नंबर टपालानेच येतो, आणि पेटीवर नाव दिसलं नाही तर टपाल परत जातं. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल, तर तेही लावा.