जलाशयात रात्री दिव्यावर मासेमारी: परवानगी कुणाची, कागद कोणते

केंद्र सरकारने २०१७ साली देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. ती बंदी समुद्राची आहे, पैठण, येलदरी किंवा माजलगावच्या धरणाच्या पाण्याची नाही. पण म्हणून इथे रात्री कुणीही दिवा घेऊन पाण्यात उतरावे, असा तिचा अर्थ होत नाही. जलाशयात आधी पाहिले जाते ते तुम्हाला मासे धरायचा हक्क आहे का. दिव्याचा प्रश्न त्यानंतरचा.

मोठ्या जलाशयांची मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि हे ठेके बहुतांशी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. तेव्हा पहिली पायरी म्हणजे संस्थेचे सभासदत्व. वय अठरा पूर्ण, संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहणारा आणि खरोखर मासेमारी करणारा माणूस अर्ज करू शकतो. सोबत आधार कार्ड, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो आणि संस्थेच्या भागाची (शेअरची) रक्कम द्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. सभासदत्व नाकारले तर कारण लेखी मागा. त्यावर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अपील करता येते. तोंडी ‘पुढच्या बैठकीत बघू’ यावर अपील होत नाही, म्हणून ती पोच लाखमोलाची.

दुसरा अर्ज दिव्याचा. संस्थेच्या ठेक्याच्या करारनाम्यात रात्रीची वेळ, जाळ्याचा आस (भोकाचा आकार) आणि मासेमारी बंद ठेवायचा काळ याविषयी काय अटी आहेत ते स्वतः वाचा. मग संस्थेमार्फत जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला लिहा. अर्ज गुळमुळीत नको. ‘अमुक गावच्या काठाने, एका होडीवर, १२ व्होल्ट बॅटरीवरचे दोन दिवे, संध्याकाळी सात ते पहाटे चार, अमुक आसाचे जाळे’ इतके स्पष्ट असावे. लेखी उत्तर हाती येईपर्यंत दिव्यावर पैसे घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

पैठणचा नाथसागर जलाशय हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, १९८६ पासून. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो, म्हणून वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयातही विचारावे लागते. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि बदके उथळ पाण्यात विसावलेली असतात. त्यांच्यावर झोत टाकणे कुठल्याच कागदाने माफ होत नाही. इसापूरलाही पक्षी अभयारण्य आहे, तिथेही हीच चौकशी करावी.

दिव्याला आधी किडे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्या मागे चिलापी, झिंगे आणि लहान मासे येतात. त्यातच संस्थेने सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकलीही (बोटाएवढी पिल्ले) असते. बारीक आसाच्या जाळ्यात ती सापडली की पुढच्या वर्षीचा माल आजच संपला. विष टाकणे आणि सुरुंग लावणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. पाण्यात करंट सोडणे तर माशाइतकेच माणसालाही मारते. काठावरच्या मोटारीच्या तारेवर आकडा टाकून दिवा लावणे हाही त्याच जातीचा धोका आहे. बॅटरीच हवी, तीही झाकणाच्या डब्यात, होडीच्या तळापासून वर बांधलेली. तारेचा जोड पाण्याजवळ ठेवू नका. थर्माकोलच्या तराफ्यावर रात्री जाऊ नका. लाइफ जॅकेट अंगात असावे, होडीत पडलेले नको. वीज चमकायला लागली की जाळे सोडून काठ गाठा. धरणाच्या दरवाजांजवळ आणि सांडव्याखाली रात्री जाळे लावूच नका, आणि पाणी सोडण्याचा भोंगा ऐकला की सामान आवरत बसू नका.

हे सगळे सांभाळूनही अपघात होतो, म्हणून राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर (केंद्राचे एनएफडीपी पोर्टल) नोंदणी करून घ्या; आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक खाते लागते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सामूहिक अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख, दवाखान्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत. हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. दाव्याच्या वेळी पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाची कागदपत्रे मागतात. त्यामुळे वारसाचे नाव आधार आणि पासबुकावर सारख्याच स्पेलिंगमध्ये आहे ना, हे नोंदणीच्या दिवशीच ताडून पाहा.